दुसऱ्या चष्म्याची गोष्ट वेगळी

नागपुरातल्या आमच्या वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने मध्यंतरी डोळे तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. तपासणी शांततेत पार पडली, भांडण चहाच्या वेळी झालं. एका काकांना त्यांच्या पुण्याच्या मुलाने ऑनलाइन चष्मा पाठवला होता, साडेसातशे रुपयांचा. काकांनी कौतुकाने तो खिशातून काढला. शिबिरात मदतीला आलेले सीताबर्डीचे एक जुने चष्मेवाले तो हातात घेऊन म्हणाले, "काहून डोळ्यांशी खेळ करता जी? साडेसातशेत काच येते का फ्रेम?" सुट्टीवर आलेला एक तरुण लगेच उसळला, "तुम्ही दोनशेची फ्रेम दोन हजाराला विकता, म्हणून झोंबून राहिलं तुम्हाला." पुढचा अर्धा तास एका बाजूने 'डोळे जातील' आणि दुसऱ्या बाजूने 'लूट आहे' एवढंच चाललं. काकांना तो चष्मा कशासाठी हवा होता, हे मात्र कोणीच विचारलं नाही. काकांच्या नाकावर त्या वेळी बर्डीतूनच करून घेतलेला चष्मा होता. खिशातला दुसरा होता.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. पहिला चष्मा, म्हणजे सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत नाकावर असणारा, दुकानात समोरासमोर बसून, फिटिंग करूनच घ्यावा. दुसरा, अडीनडीला लागणारा, स्वस्तातला ऑनलाइन मागवायला काहीच हरकत नाही. ज्यांच्याकडे एकच महागडा चष्मा आहे त्यांनी खुशाल मागवावा. आणि 'दुकान की ऑनलाइन' हा वादच मुळात चुकीच्या जागी लागला आहे. भांडायचंच असेल तर ते नंबरच्या चिठ्ठीवरून भांडलं पाहिजे. त्याकडे येतोच.

दुसऱ्या चष्म्याची किंमत मला कळली १९ एप्रिल २०२४ ला. लोकसभेचं मतदान. माझी ड्यूटी मौदा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत, मतदान अधिकारी क्रमांक एक. या माणसाने ओळखपत्र आणि चेहरा ताडून बघायचा, यादीत नाव शोधायचं, पोलिंग एजंटांना ऐकू जाईल असं अनुक्रमांकासकट मोठ्याने वाचायचं आणि यादीवर खूण करायची. आदल्या रात्री आम्ही वर्गातच झोपलो, चष्मा उशाशी बॅगेवर. पहाटे चारला अंधारात पाणी प्यायला उठलेल्या सहकाऱ्याचा पाय नेमका त्यावर पडला. उजवी काडी बिजागरीपासून गेली, डावी काच निघून बाकाखाली. साडेपाचला मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासायचं नकली मतदान. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे सव्वाचार. असल्या नंबरची एक गंमत असते: यादी नाकाशी धरली की बारीक अक्षरसुद्धा स्वच्छ दिसतं, आणि मान वर केली की समोरच्या माणसाच्या जागी धुकं. म्हणजे नाव वाचता येत होतं, पण ते ज्याचं होतं तो माणूस दिसत नव्हता. शेवटी काच सेलोटेपने चिकटवली, काडीच्या जागी मतदान साहित्यातला सुतळीचा तुकडा कानाला बांधला आणि संध्याकाळी सहापर्यंत तसाच बसलो. एक आजी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, तुमालेच दिसून नाही राह्यलं, मंग माहं नाव कसं सापडन?" माझा तो चष्मा बेचाळीसशे रुपयांचा होता. त्या दिवशी साडेसातशेचा एखादा बॅगेत असता, तर मी त्याला बेचाळीस हजारही दिले असते.

हे रडगाणं माझ्या एकट्याचं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा ओळखीच्या एका काकूंचा चष्मा टीपॉयवरून वाहून गेला. पंचनाम्यात फ्रीज आला, गादी आली, चष्मा आला नाही. काकू पुढचे चार दिवस त्या चिखलात भिंत धरून चालल्या, कारण नवीन चष्मा तयार व्हायला दिवस लागतात आणि त्या आठवड्यात बर्डीतली कित्येक दुकानंच चिखल उपसत होती. जुन्या बजाज स्कूटरला मागे स्टेपनी असायची. ती बहुतेकांची घासलेलीच असायची. तिच्यावर अमरावती गाठावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती, पंक्चरवाल्यापर्यंत पोचलो की झालं. स्टेपनी नव्या टायरइतकी चांगली नाही म्हणून ती ठेवूच नका, असं सांगणारा मेकॅनिक मला तरी भेटला नाही. चष्म्याच्या बाबतीत मात्र शहाणी माणसं नेमका हाच सल्ला देतात.

आता विरोधी बाजू. ती हलकी नाही. अमेरिकेत २०११ साली नेत्रतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या ऑनलाइन विक्रेत्यांकडून मागवलेले १५४ चष्मे त्यांनी यंत्रावर तपासले. जवळपास ४५ टक्के चष्मे नंबरच्या किंवा काचेच्या मजबुतीच्या कुठल्या ना कुठल्या कसोटीत नापास झाले. हा आकडा ऑनलाइनवाल्यांच्या तोंडावर फेकावा असाच आहे, आणि तो 'जुना झाला' म्हणून झटकणं मला पटत नाही. त्या चाचणीत दुकानातले चष्मे तुलनेला नव्हते, हे खरं. पण पुढे ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठाने अशी तुलना केली, तिथेही लोकांची पसंती दुकानातल्या चष्म्यालाच मिळाली, आणि त्यात फिटिंगचा वाटा मोठा होता. मान्य. म्हणूनच तर पहिला चष्मा दुकानातून घ्या म्हणतो. पण या आकड्यातून 'ऑनलाइन घेऊच नका' असा निष्कर्ष कसा निघतो? निघतो तो इतकाच की आलेला चष्मा तपासून घ्या. बहुतेक चष्मेवाल्यांकडे लेन्सोमीटर असतो, त्याखाली चष्मा धरून नंबर वाचायला दोन मिनिटं लागतात. आपण सोनं घेतो तेव्हा हॉलमार्क बघतो, दूध घेतो तेव्हा पाणी किती ते बोटावर बघतो. चष्मा तेवढा डबीतून काढून थेट नाकावर चढवतो.

दुसरा आक्षेप पीडीचा, म्हणजे दोन बुबुळांमधल्या अंतराचा. काचेचा मध्य बुबुळासमोर आला नाही तर काच नंबरासोबत थोडं प्रिझमचंही काम करू लागते, म्हणजे समोरचं दृश्य बाजूला सरकवते, आणि डोळ्यांना दोन प्रतिमा जुळवायची ओढाताण होते. याचा हिशेब अगदी सोपा आहे: मध्य जितके सेंटिमीटर सरकला, गुणिले नंबर. नंबर दोनचा आणि चूक तीन मिलिमीटरची असेल तर प्रिझम ०.६, बहुतेकांना जाणवणारही नाही. तीच चूक आठ नंबरला २.४ होते, आणि डोकं धरून बसावं लागतं. म्हणजे चष्मेवाले खरं बोलतात, पण सगळ्यांसाठी एकच खरं बोलतात. मोठा नंबर, प्रिझम लिहून दिलेला चष्मा, प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा ते जवळचा नंबर असलेल्या) काचा यांच्या वाटेला ऑनलाइन जाऊ नये. प्रोग्रेसिव्हमध्ये तर बुबुळाची उंचीसुद्धा फ्रेम नाकावर ठेवूनच मोजावी लागते. लहान मुलांचं तर नावच नको. त्यांची नजर अजून घडत असते, नीट न दिसणारा डोळा मेंदू वापरेनासा होतो आणि तो आळशी पडतो. मोठ्या माणसाचं तसं नाही. थोड्या चुकलेल्या नंबराने त्याचं डोकं दुखेल, चक्कर आल्यासारखं होईल, पण डोळा कायमचा बिघडत नाही. 'डोळे जातील' ही भीती मुलांच्या बाबतीतली आहे. ती आजोबांना दाखवून काय मिळवायचं?

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. लोक घरबसल्या चष्मा मागवू लागले की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणंच सोडतील. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर गुपचूप खाऊन टाकतो. मधुमेहाने डोळ्याच्या आतल्या पडद्यावर काय केलं ते आत बघितल्याशिवाय कळत नाही. वर्षानुवर्षं जुन्याच नंबरावर चष्मे मागवत बसलेला माणूस एक दिवस फार उशिरा पोचेल, ही काळजी खोटी नाही. पण मला सांगा, 'चष्मा घ्या, नंबर फुकट काढून देऊ' ही पाटी कोणाच्या दारावर आहे? हनुवटी टेकवून यंत्रात डोकावायचं, दूर रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो, यंत्र टिकटिक करून चिठ्ठी बाहेर टाकतं. ती नंबरची चिठ्ठी आहे. त्यात डोळ्याचा दाब मोजलेला नाही आणि पडद्याकडे तर कोणी बघितलेलंही नाही. तरी माणूस डोळे तपासून आल्याच्या समाधानात घरी जातो. तपासणी आणि विक्री एकमेकांना बांधून ठेवल्याचं हे फळ आहे, आणि ते ऑनलाइन यायच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. तपासणीचे पैसे डॉक्टरला वेगळे द्या, चष्मा कुठूनही घ्या, हा व्यवहार रुग्णाच्या जास्त फायद्याचा नाही का?

इथेच चिठ्ठीचा प्रश्न येतो. अमेरिकेत १९७८ मध्ये नियम झाला की तपासणी संपली की नंबर लिहिलेला कागद रुग्णाने न मागताही त्याच्या हातात दिला पाहिजे, मग त्याने चष्मा कुठूनही घ्यावा. त्याच्या आधी तिथे अनेक राज्यांत चष्म्याची जाहिरात करायलाही बंदी होती. कारण तेच: लोक स्वस्ताच्या मागे लागतील आणि डोळे बिघडवून घेतील. ली बेनहॅम या अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये दोन्ही प्रकारच्या राज्यांतल्या किमती ताडून पाहिल्या, तर बंदी असलेल्या राज्यांत चष्मे लक्षणीय महाग निघाले. बंदीने डोळे वाचले की नाही, माहीत नाही. गल्ले नक्की वाचले. आपल्याकडे चिठ्ठी मिळते, नाही असं नाही. पण ती कशी मिळते ते बघा. यंत्रातून निघालेल्या त्या गुळगुळीत कागदावर पीडी छापलेला असतो. तो कागद दुकानाच्या कार्डाला स्टेपल होऊन दुकानातच राहतो. आपल्याला मिळतो तो हाताने लिहिलेला नंबर, ज्यावर पीडी नसतो. आणि मूळ कागद मिळालाच, तरी नागपूरच्या उन्हाळ्यात पाकिटात ठेवलेला तो थर्मल कागद दिवाळीपर्यंत कोरा होतो. या एका आकड्याला गुपित का करायचं? हे अंतर माझ्या स्वतःच्या दोन डोळ्यांमधलं आहे.

स्वस्त चष्म्यावरचा राग काही आजचा नाही. व्हेनिसच्या स्फटिक कारागिरांच्या संघाने १३०० साली नियम केला, की वाचायच्या भिंगांत साध्या काचेला स्फटिक म्हणून विकायचं नाही. पुढच्याच वर्षी मात्र तिथे साध्या काचेचे चष्मे करायला मोकळीक मिळाली. अट एकच, काच काच म्हणूनच विकायची. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या व्यापाऱ्यांना जे उमगलं ते आमच्या चहाच्या टेबलावर उमगत नव्हतं. स्वस्त माल असण्यात फसवणूक नाही, स्वस्त माल महागाच्या नावाने विकण्यात आहे. आणि हा नियम ऑनलाइन कंपन्यांनाही तितकाच लागू आहे. साडेसातशेचा चष्मा टोपलीत टाकला, की पुढच्या पानावर ब्लू कट (स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारी काच), त्याच्या पुढच्यावर आणखी काही कोटिंग, आणि शेवटी बिल अठराशे. त्यातल्या ब्लू कटबद्दल अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा, की संगणकापुढे बसून येणारा डोळ्यांचा ताण त्याने कमी होतो असं निदान थोड्या काळाच्या वापरात तरी दिसत नाही. शिबिरातल्या त्या तरुणाच्या नाकावर निळसर झाक मारणारा चष्मा होता. दुकानदार लुटतात हे त्याला कळलं होतं, बाकीचं कोणी सांगितलं नव्हतं.

आणि 'स्वस्त म्हणजे निकामी' हे खरंच खरं आहे? आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी उलटलेल्या ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला. तो २०१८ मध्ये लॅन्सेटच्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकात आला. अर्ध्या मजुरांना जवळचं दिसायचे साधे स्वस्त चष्मे दिले, उरलेल्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची उत्पादकता बाकीच्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. कुठलंही अँटीग्लेअर नाही, ब्रँड नाही. आपल्या इतवारीच्या सराफ्यात चाळिशीतले कारागीर फुटपाथवरचा दीडशेचा चष्मा लावून नथीत मोती ओवतात. त्या चष्म्यात दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर, सिलिंडर (एकाच दिशेतली धूसरता घालवणारा वेगळा नंबर) नाही, पीडी कोणा सरासरी माणसाचा. नेत्रतज्ज्ञ त्याला नावं ठेवतील आणि ती बरोबर असतील. पण तो काढून घेतला तर कारागिराच्या हातात चार हजारांचा चष्मा येणार नाही, रिकामा हात येईल. त्या दीडशेच्या तुलनेत स्वतःच्या नंबराचा, सिलिंडरसकट केलेला साडेसातशेचा चष्मा तर श्रीमंतीच म्हणायची.

राहिला प्रश्न बर्डीतल्या दुकानदाराच्या पोटाचा. तो मला डाचतो, कारण माझ्या नाकावरचा पॅड आणि काडीचा स्क्रू वीस वर्षं ज्यांनी फुकट बसवून दिला ते हेच लोक. पण फुकट काहीच नसतं. स्क्रूचे पैसे फ्रेमच्या किमतीत दडलेले असतात, आणि म्हणूनच फ्रेम महाग दिसते आणि कारागिरी फुकट. ऑनलाइनवाल्याने फक्त फ्रेमच्या किमतीवर हल्ला केला, कारण दिसत तीच होती. मग दुकानदारांनी उघडच सांगावं ना: नंबर तपासायचे इतके, काडी वाकवून बसवायचे इतके, बाहेरून आणलेला चष्मा असला तरी. मी आनंदाने देईन. शिवाय आता ऑनलाइन म्हणून सुरू झालेल्या कंपन्यांनीच शहरात काचेची दुकानं थाटली आहेत, तेव्हा 'घरबसल्या' हा शत्रू तसाही समोरच्या फुटपाथवर येऊन उभा आहे. त्याच्याकडे नसलेली एकच वस्तू जुन्या चष्मेवाल्याकडे आहे, ती म्हणजे त्याचा हात.

एक सूचना मात्र नागपूरकरांनाच. चष्म्यावरच्या सल्ल्यांत हमखास असतं, की जादाचा चष्मा गाडीत ठेवा. आपल्याकडे ठेवू नका. मी डॅशबोर्डच्या खणात ठेवला होता. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि बंद गाडीचं आतलं तापमान त्याहून कितीतरी जास्त. प्लॅस्टिकची काच फुगते, वरचं कोटिंग तेवढं ताणत नाही, तडकतं. जूनमध्ये खण उघडला तर दोन्ही काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. तो दोष कंपनीचा नव्हता. शेजारच्या दुकानातला चार हजारांचा ठेवला असता तर तोही असाच भाजून निघाला असता, फक्त हळहळ जास्त झाली असती. आता दुसरा चष्मा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो.

तोच घेऊन परवा मी शिबिरात भांडणाऱ्या त्या चष्मेवाल्यांकडे गेलो. त्यांनी आधी मला बघितलं, मग चष्म्याला, आणि न बोलता लेन्सोमीटरखाली धरला. "नंबर बरोबर आहे. सिलिंडरबी ठीक." मग काचेवर पेनाने दोन ठिपके दिले आणि पट्टी लावली. "सेंटर तीन मिलिमीटर आत आलं. पीडी काय टाकला होता?"

"साठ. आरशात बघून मोजला."

त्यांनी माझ्या नाकावर पट्टी धरली, एक डोळा मिटून बघितलं. "त्रेसष्ट." सव्वाचार गुणिले ०.३, मी मनातल्या मनात हिशेब केला. तो चष्मा तासाभराने का जड वाटायचा, ते कळलं. त्यांनी काड्या गरम करून कानामागे नीट वाकवून दिल्या. पैसे विचारले तर "राहू द्या" म्हणाले. मी पन्नास काउंटरवर ठेवले. ते घ्यावे की नाही अशा विचारात क्षणभर थांबले, मग गल्ल्यात टाकले, माझ्या नंबरची चिठ्ठी उलटी केली आणि मागे मोठ्या अक्षरांत ६३ लिहून त्या आकड्याभोवती गोल काढला.